ब्रिजटाउनचे आठ तास: क्रूझ बार्बाडोसला थांबली की सहलीऐवजी काय करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नाशिकहून आलेले आई-बाबा आणि दोन मुलं, असे आम्ही सहा जण पोर्तो रिकोच्या सान हुआनहून निघणाऱ्या क्रूझने गेलो होतो. बाकीच्या बंदरांवर आम्ही जहाजाच्या सहली घेतल्या, बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला मात्र घेतली नाही. घरी अजूनही गप्पा रंगतात त्या ब्रिजटाउनच्याच. त्यामुळे ओळखीचं कोणी कॅरिबियनला निघालं की फोन येतो आणि तेच ते प्रश्न सुरू होतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

जहाजाची सहल घेतली नाही तर उतरू देतात का?

देतात. सहल विकत घेण्याची सक्ती कुठेच नसते. जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र खिशात ठेवायचं आणि उतरायचं.

जहाजाच्या सहलीचा एक फायदा खरा आहे. तिची बस वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. आपले आपण गेलो तर थांबत नाही. पोहता न येणाऱ्या माणसांना घेऊन लांबच्या किनाऱ्यावर जायचं असेल किंवा कोणाची तब्येत नाजूक असेल, तर सहल जरूर घ्या. पण एका बंदरात आमच्या चार तासांच्या सहलीतला दीड तास माणसं मोजण्यात आणि ठरलेल्या दुकानासमोर उभं राहण्यात गेला. ब्रिजटाउनमध्ये तर तसं करायची गरजच नाही, कारण बघण्यासारखं बरंचसं बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

हातात वेळ खरोखर किती असतो?

वेळापत्रकावर सकाळी ८ ते संध्याकाळी ५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला पहिला पाऊण तास परवानगी मिळण्यात आणि जिन्याच्या रांगेत जातो. शेवटी निदान तासभर आधी परत यायचं. म्हणजे हाताशी साडेसहा-सात तास उरतात. तेवढ्यात दोन गोष्टी निवांत होतात, चार करायला गेलं की चारही अर्धवट राहतात.

घड्याळाचा घोळ आधीच मिटवा. बार्बाडोसचं घड्याळ वर्षभर बदलत नाही. फ्लोरिडाहून निघालेलं जहाज हिवाळ्यात स्वतःचीच वेळ चालू ठेवत असेल, तर बेटाच्या वेळेत आणि जहाजाच्या वेळेत एका तासाचा फरक पडतो. फोन मात्र गुपचूप बेटाची वेळ दाखवायला लागतो. आम्ही बाबांचं मनगटी घड्याळ जहाजाच्या घड्याळाशी जुळवून घेतलं आणि दिवसभर फक्त तेच बघितलं.

बंदरातून गावात चालत जाता येतं?

येतं. वीस-पंचवीस मिनिटं लागतात, रस्ता सपाट आहे आणि बाजूला पदपथ आहे. बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सीवाले विचारतात, त्यांना हसून नको म्हटलं की मागे लागत नाहीत. वाटेत पेलिकन व्हिलेज ही कारागिरांच्या दुकानांची वसाहत लागते. हे नाव एका बेटाचं. १९६१ साली हे खोल पाण्याचं बंदर सुरू झालं, ते करताना समुद्रात भर घालून पेलिकन नावाचं छोटं बेट मुख्य जमिनीला जोडून टाकलं. आपण उतरतो ती जमीन अशी मागाहून तयार झालेली आहे.

दहानंतर मात्र ऊन चढतं. हवा कोकणातल्या एप्रिलसारखी, दमट. टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे, पावसाचं पाणी तिच्यातून गाळून खाली उतरतं आणि तेच नळाला येतं.

आम्ही क्रिकेटवेडे आहोत. केन्सिंग्टन ओव्हल बघता येईल का?

मला विचाराल तर ब्रिजटाउनला उतरण्याचं पहिलं कारण हेच. मैदान फाँटाबेल भागात आहे, बंदरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर. आत सोडतील याची खात्री मात्र धरू नका. सामना किंवा सराव असेल तर नियम बदलतात, एरवी आठवड्याच्या कामाच्या दिवशी फाटकावर जाऊन नीट विचारायचं. बाहेर वेस्ट इंडिजचे महान खेळाडू सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे, तो बघायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

आत गेल्यावर बाबा जे बोलायला लागले, ते आम्ही घरी कधी ऐकलं नव्हतं. १९६२ च्या मार्चमध्ये याच मैदानावर भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला आणि त्याची कवटी फुटली. त्याला रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, आणि आपले चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी होते. नाडकर्णी नाशिकचे. बाबांनी ते नाव उच्चारताना टोपी काढून हातात घेतली होती.

नऊ वर्षांनी, १९७१ मध्ये, अजित वाडेकरचा संघ इथे आला तेव्हा चौथ्या कसोटीत ७० धावांत सहा गडी बाद झाले होते. तिथून मडगावच्या दिलीप सरदेसाईने १५० केल्या, एकनाथ सोलकर ६५ करून त्याच्याबरोबर उभा राहिला आणि दोघांनी १८६ धावांची भागीदारी केली. दुसऱ्या डावात सुनील गावसकर नाबाद ११७. कसोटी वाचली आणि पुढे मालिका आपण जिंकली.

माझ्या पिढीची आठवण वेगळी आणि कडवट. १९९७, कर्णधार सचिन, जिंकायला फक्त १२० हव्यात आणि ८१ वर सगळे बाद. त्या रात्री मी रेडिओशेजारी बसून होते. मग २९ जून २०२४ ला याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, ती जागा मुलांनी मोबाइलमधला फोटो समोर धरून शोधून काढली. रोहित शर्माने जिथलं गवत तोंडात टाकलं ती खेळपट्टी लांबूनच दिसते, जवळ जाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. नंतर बेरिल वादळामुळे संघ बेटावरच अडकून पडला, म्हणून मरीन ड्राइव्हची ती मिरवणूक ४ जुलैला निघाली.

पॅव्हेलियनची नावंही वाचा. थ्री डब्ल्यूज म्हणजे वेस्ट इंडिजचे तीन फलंदाज: वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट. तिघेही या मैदानाच्या आसपासच्या वस्तीतच जन्मले, दीड वर्षाच्या आत.

क्रिकेटमध्ये रस नाही. मग गावात काय आहे?

भरपूर. ब्रिजटाउनचा जुना भाग आणि त्याला लागून असलेली गॅरिसन ही ब्रिटिशांची लष्करी वसाहत मिळून २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. मी हा क्रम सुचवेन.

सुरुवात केरेनेजपासून करा. गावाच्या मधोमध शिरलेली ही अरुंद खाडी. पूर्वी लाकडी जहाजं इथे एका कुशीवर कलती करून त्यांचा तळ खरवडत, त्या कामावरूनच हे नाव पडलं. आता तिथे मासेमारीच्या होड्या आणि पर्यटकांच्या नौका उभ्या असतात. खाडीला लागून संसदेची दगडी इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा. इथली संसद १६३९ सालची, म्हणजे शिवाजी महाराज नऊ वर्षांचे होते तेव्हापासूनची. समोरच्या चौकात १८१३ पासून ब्रिटिश आरमाराच्या अ‍ॅडमिरल नेल्सनचा पुतळा होता. तो नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी मागणी करून काढायला लावला आणि पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर २०२१ ला, बार्बाडोस प्रजासत्ताक झालं.

तिथून पाच-सात मिनिटांवर निधे इस्रायल हे ज्यू प्रार्थनास्थळ. मूळ इमारत १६५४ ची, १८३१ च्या चक्रीवादळात पडली आणि १८३३ मध्ये पुन्हा बांधली. ब्राझीलमधून हाकललेले ज्यू इथे आले आणि ऊस गाळून साखर करण्याचं कसब त्यांनी बरोबर आणलं. २००८ साली आवारात खोदताना जमिनीखाली दगडी स्नानकुंड सापडलं. पायऱ्या उतरून खाली बघितलं तर झऱ्याचं पाणी अजून आहे. आई बराच वेळ तिथे उभी होती. आपल्याकडच्या बारवेसारखं आहे, एवढंच म्हणाली.

वेळ उरला तर क्वीन्स पार्कमधलं बाओबाबचं झाड बघा, म्हणजे आपली गोरखचिंच. आफ्रिकेतून आलेलं, अडीचशेहून अधिक वर्षांचं. आम्ही सहा जण बुंध्याला हात पसरून उभे राहिलो तर निम्माही घेर भरला नाही. खोडाची साल हत्तीच्या कातडीसारखी, मध्ये मध्ये सुरकुतलेली, हात लावला तर भर उन्हातही गार. झाडांचाच विषय निघाला म्हणून सांगते, बार्बाडोस या नावाचा अर्थ 'दाढीवाले'. पोर्तुगीज खलाशांनी इथल्या वडाच्या जातीच्या झाडांच्या लोंबत्या पारंब्या बघून ते नाव ठेवलं असं सांगतात.

मुलांना गुलामगिरीचा इतिहास सांगावा का?

सांगावा. तो वगळून हे बेट समजतच नाही. ब्रॉड स्ट्रीट या गावातल्या मुख्य रस्त्यावरची देखणी दुकानं साखरेच्या पैशातून उभी राहिली आणि साखर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी पिकवली. त्यांना मालमत्ता ठरवणारा कायदा बार्बाडोसने १६६१ मध्ये केला आणि बाकीच्या इंग्रज वसाहतींनी त्याचा कित्ता गिरवला. १८१६ मध्ये बुसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली मोठं बंड झालं, ते चिरडलं गेलं. पूर्ण सुटका व्हायला १८३८ उजाडलं. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने विचारलं, मग सुटकेच्या वेळी भरपाईचे पैसे कोणाला दिले? मालकांना दिले, हे सांगताना माझा आवाज बदलला हे तिच्या लक्षात आलं. तिला ते कळलंच पाहिजे होतं.

स्थानिक बसने फिरणं सुरक्षित आहे का?

दिवसा आम्हाला कुठेच भीती वाटली नाही, आणि बसनेच खरं बेट दिसलं. तीन प्रकार आहेत. सरकारी बस निळी, खाजगी मिनीबस पिवळी आणि 'झेड आर' म्हणतात ती पांढरी व्हॅन, जिच्यात माणसं खचाखच आणि गाणी मोठ्याने. भाडं कुठेही गेलं तरी एकच, आम्ही गेलो तेव्हा साडेतीन बार्बाडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, मोजून न्या.

थांब्यांवरच्या पाट्या सोप्या आहेत: एकीवर 'शहराकडे', दुसरीवर 'शहराबाहेर'. एवढं वाचता आलं की चुकत नाही. पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला स्पाइट्सटाउनला जाणारी बस घ्या, समुद्र जवळजवळ सगळ्या वाटेवर डाव्या हाताला राहतो. वाटेत होलटाउन लागतं, इंग्रजांची इथली पहिली वस्ती, १६२७ ची. वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने चालते, त्यामुळे अमेरिकेतून येणाऱ्यांनी रस्ता ओलांडताना उजवीकडे आधी बघायचं.

बसमध्ये चढलं की आधी 'गुड मॉर्निंग' म्हणा. दुकानातही तेच. नमस्कार न करता थेट भाव विचारणं इथे उद्धटपणाचं मानतात. आई दारातच हात जोडून 'गुड मॉर्निंग' म्हणायची आणि समोरच्या बायका उठून तिला बसायला जागा द्यायच्या.

टॅक्सीवाले फसवतात का?

आम्हाला नाही फसवलं, पण गैरसमज सहज होतो. टॅक्सीला मीटर नसतो आणि दोन डॉलर चालतात. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर पक्का आहे. त्यामुळे 'चाळीस' ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठले डॉलर? दुसरा: सगळ्यांचे मिळून की माणशी? तिसरा: जाऊन-येऊन की एका बाजूचे? दार बंद करण्याआधी हे तिन्ही विचारा. अमेरिकन नोटा सगळीकडे घेतात, सुटे बार्बाडोसचे देतात.

समुद्रात डुंबायचंय. कुठे जावं?

कार्लाइल बे. गावाच्या पलीकडे, टॅक्सीने दहा मिनिटं. पाणी तळ्यासारखं शांत, कारण हा कॅरिबियन समुद्राकडचा किनारा. पूर्वेच्या बाथशेबाला अटलांटिकच्या लाटा आहेत, तिथे बघायला जा, पोहायला नको. बार्बाडोसचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत, हॉटेलच्या समोरचाही. पैसे फक्त खुर्ची-छत्रीचे. खाडीत किनाऱ्यापासून जवळच बुडालेली जहाजं आहेत आणि समुद्री कासवं येतात. कासवांना हात लावू नका, त्यांना खायला घालू नका.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. त्याचं फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं दिसतं आणि ते जहरी आहे. चीकही इतका तीव्र की पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. बुंध्यावर बहुतेकदा लाल पट्टा रंगवलेला असतो. मुलांना उतरल्याउतरल्या ते झाड दाखवून ठेवा.

शाकाहारी माणसांचं खाण्याचं काय?

उपाशी राहणार नाही. रोटीच्या टपऱ्या शोधा. त्रिनिदादमधल्या भारतीयांकडून आलेली ही रोटी म्हणजे मोठी मऊ पोळी, तिच्यात बटाटा आणि छोल्यांची रस्सेदार भाजी गुंडाळलेली. 'फक्त बटाटा आणि चणा' असं स्पष्ट सांगा. चीपसाइडच्या मंडईजवळ टेंपल यार्ड हा रास्ताफारी पंथाच्या कारागिरांचा भाग आहे, तिथे 'आयटल' जेवण मिळतं, मांसाशिवायचं.

कूकू हा इथला राष्ट्रीय पदार्थ उडत्या माशाबरोबर खातात, पण नुसता मागता येतो. मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात घोटून घट्ट करतात, आपल्या उकडीचा लांबचा भाऊ. मंडईत नीरफणस बघून आई हरखली. तिचं माहेर रत्नागिरीकडचं. विकणाऱ्या बाईंना तिने खुणेने विचारलं, काप करून तळता का? त्या म्हणाल्या, तळतो आणि भाजतोही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दहा मिनिटं बोलत होत्या.

वयस्कर आई-वडिलांना जमेल का?

बंदर ते गाव टॅक्सीने करा आणि पायपीट गावात ठेवा. केरेनेजच्या काठाला सावलीतले बाक आहेत. दुपारी बारा ते तीन बाहेर राहू नका, त्या वेळेत जेवण किंवा संग्रहालय. स्वच्छतागृह दिसलं की जाऊन घ्यायचं, पुढचं शोधत बसायचं नाही.

रविवारी जहाज थांबणार असेल तर?

मग गाव जवळपास बंद असेल. किनारा किंवा टॅक्सीने पूर्व बाजूची फेरी ठेवा.

कपड्यांचे काही नियम?

लष्करी छपाईचे (कॅमोफ्लाज) कपडे घालायला बार्बाडोसमध्ये कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. पँट, टोपी, पाठीवरची पिशवी, काहीही नको. हे सामान भरतानाच बघा. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरते, गावात अंगभर.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. अडचण दुसरीकडे असते. सान हुआन किंवा फ्लोरिडाहून निघालात तर परत येताना पुन्हा अमेरिकेत प्रवेश करता, म्हणून आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आणि त्या तारखेला चालू हवा. एच-१ या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला नाही ना ते बघा. आणि जहाज कंपनी वाटेतल्या प्रत्येक बंदराची कागदपत्रं मागते. फेरीत मार्टिनिकसारखं फ्रान्सच्या ताब्यातलं बेट असेल तर त्याचे नियम वेगळे. तिकीट काढण्याआधी यादी मागवून घ्या.

जहाज चुकलं तर काय होतं?

ते निघून जातं. पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने विमानाने जायचं आणि तिथे चढायचं. बंदरावर जहाज कंपनीचा प्रतिनिधी असतो, त्याचं नाव आणि फोन रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो. उतरताना त्या पानाचा फोटो काढा. आणि पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवून जायचं असेल तर निदान त्याची छायाप्रत जवळ बाळगा.

काहीच केलं नाही, जहाजावरच बसलो तर?

चालेल की. त्या दिवशी जहाज रिकामं असतं, तरणतलाव मोकळा मिळतो. बाबा तीनलाच परत आले होते. आम्ही साडेतीनला पोहोचलो तेव्हा ते वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून उभे होते आणि शेजारच्या एका अनोळखी इंग्रज आजोबांना बोटाने केन्सिंग्टनचे दिव्यांचे मनोरे दाखवत, सोलकर आणि सरदेसाई कसे उभे राहिले ते मराठीत सांगत होते. आजोबा मान डोलावत होते.